सव्वा मूठ वीज

आमच्या भावकीत सूर्याची वाटणी मी केली, आणि ती चुकली.

एवढं कबूल करायला मला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत मी बाकी सगळ्यांना दोष देऊन पाहिला. ठेकेदाराला दिला, ढगांना दिला, आबांच्या निंबाला दिला (त्यात निंबाचा अर्धा जीव गेला), शेवटी माझ्या मोबाइललाही दिला. मला राग पटकन येतो आणि आला की तो आधी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. स्वतःच्या घरी यायला त्याला फार उशीर होतो.

तर आधी आमची गल्ली. नंदुरबारहून कोरीटकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. गावात एका गल्लीत आमची अकरा घरं. आडनाव एक, कुलदैवत एक, आणि बांधावरून एकमेकांशी अबोला धरलेली माणसं मोजायला गेलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे भावकी मला 'मास्तर' म्हणते आणि ज्यात वायर आहे असं काहीही बिघडलं की मला बोलावते. विज्ञान शिकवणाऱ्याला मिक्सर दुरुस्त करता येतोच असं नाही, हे मी वीस वर्षं सांगतोय. कुणी ऐकेल तर शपथ!

गेल्या पावसाळ्यात ही सामूहिक विजेची टूम मीच काढली. योजना खरंच साधी होती. प्रत्येकाने आपापल्या घरावर सोलर लावायचं म्हटलं तर कुणाचं छत पत्र्याचं, कुणावर झाडाची सावली, कुणाची ऐपत नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी घरामागे सारखी वर्गणी काढून एकाच चांगल्या छतावर प्लेटा बसवायच्या. त्या प्लेटांची वीज आपल्या घरात येत नाही, तारेतून वीज कंपनीला जाते. आपल्या घरात पूर्वीसारखी कंपनीचीच वीज येत राहते. महिन्याच्या शेवटी प्लेटांनी किती युनिटं दिली ते वेगळ्या मीटरवर कळतं, आणि आपण अर्जासोबत वाट्यांची जी यादी दिलेली असते तिच्याप्रमाणे ती युनिटं ज्याच्या त्याच्या बिलातून वजा होतात. ज्याचा वाटा मोठा, त्याची वजाबाकी मोठी. म्हणजे सगळा खेळ त्या यादीचा! हे मी भावकीला फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. ते सगळ्यांना समजलं, फक्त मला समजायचं राहिलं.

चांगलं छत गल्लीत एकच होतं, विमलकाकीचं. काकी म्हणजे माझ्या चुलत काकांची बायको. काका जाऊन सात वर्षं झाली. दोन मुली, थोरली नंदुरबारला नर्सिंगला, धाकटी बारावीला. काकी लाल मिरची आणून छतावर सुकवते, घरघंटीवर मसाला दळते, पुड्या बांधून विकते, आणि त्या पुड्यांवर मुलींची शिक्षणं चाललीयेत. छत स्लॅबचं, भोवती कंबरभर कठडा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. मी विचारायला गेलो तेव्हा तिने एकच प्रश्न केला.

"मंग मिरची कोठे सुकाडू?"

"आबानं खळं रिकामं पडेल शे ना, काकी! आन तुन्हं बिल? शून्य करी टाकसू! दिवसभर फिराव घरघंटी!"

"शून्य?"

"शून्य!"

काकीने छत दिलं. तिच्याकडून वर्गणी घ्यायची नाही, छत हीच वर्गणी, असं ठरलं. आणि नीट ऐका, हा 'शून्य'चा शब्द भावकीने दिला नव्हता, वीज कंपनीने दिला नव्हता. मी दिला होता, तिच्या ओट्यावर बसून, तिचा चहा पिऊन.

वाटणीची बैठक बसली ती कानबाईच्या विसर्जनानंतर. खानदेशात कानबाई म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात आमची देवी कानबाई बसते, तेव्हा सुरत-पुण्याला गेलेली भावकी घरी येते आणि रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या होतात. रोटाचे गहू घरातले पुरुष मोजून घेतात. पुरुषामागे सव्वा मूठ. म्हातारा असो, पाळण्यातला असो, सुरतेला असो, नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ टाकायची. त्या पिठाचं जे होईल ते भावकीनेच खायचं, बाहेर द्यायचं नाही. बांधावरून अबोला असलेलेसुद्धा त्या दिवशी एका पंगतीत बसतात. बोलत नाहीत, पण बसतात.

तर पंगत उठली, पोटं भरलेली, आणि धुडकू आबांनी विषय काढला. आबा भावकीत सगळ्यांत थोरले. वय पंच्याहत्तरच्या पुढचं, आवाज पंचविशीतला.

"मास्तर, वाटा कसा कराना?"

झालं! एकजण म्हणाला घरामागे सारखा करा. दुसरा म्हणाला पंखे मोजा. तिसरा उठून उभा राहिला, "आमना घर कूलर शे, त्यान्हं काय?" चौथ्याने तिसऱ्याच्या कूलरचा बाप काढला. (कूलर सासऱ्याने दिलेला होता, त्यामुळे तो उल्लेख जिव्हारी लागला.) दीड तास भांडण. दोन पुतणे बाह्या सरसावून उभे. माझी योजना माझ्या डोळ्यांदेखत मरत होती, आणि मला असा राग आला की मी पाटावर चढलो.

"आबा!" मी ओरडलो. "रोटना गहू आपन कसा मोजतस?"

"मानसं मोजीसन. सव्वा मूठ." (आमच्या बोलीत मानूस म्हणजे पुरुष.)

"मंग वीजबी तशीच मोजूत! मानूसमागे एक वाटा! हाई आपली रीत शे, यान्हावर कोनी भांडाव नही!"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"याले म्हंतस शिकेल मानूस!"

टाळ्या पडल्या. माझ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात भावकीने माझ्यासाठी वाजवलेल्या त्या पहिल्या टाळ्या होत्या, आणि मी सांगतो, माणूस टाळ्यांनी बिघडतो. त्याच धुंदीत मी तिथेच वही काढून यादी लिहायला बसलो. आबांचं घर: आबा, चार मुलगे, चार नातू. नऊ! (त्यातले तीन मुलगे आपापल्या बिऱ्हाडासकट सुरतेला. पण रोटात त्यांची मूठ असते, मग विजेत का नको?) पुढचं घर पाच. त्याच्या पुढचं चार. मग माझं घर आलं. मी, बायको सुनंदा, दोन मुली. पुरुष एक. ही रीत मला पहिल्यांदा टोचली, पण टाळ्या ताज्या होत्या. लिहिलं, एक.

शेवटी विमलकाकीचं घर आलं आणि माझं पेन थांबलं.

मी मान वर केली. बायका आत भांडी आवरत होत्या. आवाज येत होता, काकीचाही येत होता. मला तेव्हाच म्हणता आलं असतं, "आबा, हाई चुकी ऱ्हायनं." पण पाटावरून नुकताच उतरलो होतो, पुन्हा चढायचा धीर झाला नाही. नंतर बघू म्हटलं. शून्य वाटा लिहून अर्ज कसा देणार, म्हणून ते नावच गाळलं. दहा घरांची यादी, दहा सह्या, अर्ज गेला. ज्या छतावर सगळं उभं राहणार होतं त्या छताची मालकीण यादीत नव्हती, आणि हे ज्याला पक्कं माहीत होतं तो एकच इसम तुमच्यापुढे बसून हे लिहितोय.

दिवाळीच्या सुमारास प्लेटा बसल्या. काकीचं छत या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत झाकलं गेलं. नारळ फोडला, आबांनी भाषण केलं, पेढे वाटले. ठेकेदाराने माझ्या मोबाइलवर एक सोय करून दिली, त्यावर प्लेटा त्या क्षणी किती वीज देतायत तो आकडा दिसायचा. मी तो आकडा वर्गात बघायचो, जेवताना बघायचो. सुनंदा म्हणाली, "लगीन व्हयनं तैं मन्हाकडे इतलं नही देखं तुमी!"

मग पहिलं बिल आलं आणि मला खरा राग कशाला म्हणतात ते कळलं.

आबांचं बिल साफ! नऊ वाटे, आणि घरात राहणारी माणसं सहा. इतकी युनिटं की वापरून संपेनात, उरलेली पुढच्या महिन्याला जमा. शिल्लक बघून आबांना सुचेना काय करावं. त्यांनी म्हशींच्या गोठ्यात ट्यूबलाइट लावली. दिवसा! मग म्हशींसाठी पाण्याचा हीटर आणला.

"आबा, म्हशीले गरम पानी?"

"थंडी शे ना भो. आन वीज वाया काबर घालानी?"

आणि माझं बिल? वर्गणी तेवढीच दिलेली, वाटा एक. बिल इतकं किंचित कमी झालं होतं की मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. माझ्या मुली एका दिव्याखाली अभ्यास करतात आणि आबांची म्हैस गरम पाण्याने न्हाते! मी घरात येरझाऱ्या घालत आबांना, त्यांच्या चारही मुलांना, सुरत शहराला आणि म्हशीला शिव्या घालत होतो.

सुनंदा भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "यादी कोनी करी व्हती?"

मी येरझाऱ्या थांबवल्या. संध्याकाळी विमलकाकी बिल घेऊन आली.

"विलास, हाई देख बरं. हाई त मांगलाइतलंच शे."

"काकी, कंपनीना कॉम्प्युटरले येळ लागस," मी म्हणालो.

"मन्हं नाव शे ना यादीमा?"

आता माणसाने इथे तरी खरं बोलावं. मी म्हणालो, "पुढना महिनाले देखूत."

काकीने माझ्याकडे पाहिलं, बिलाची घडी केली, कमरेला खोचली. "बरं," म्हणाली आणि गेली. त्या 'बरं'मध्ये काही आवाज नव्हता. मला त्याचीच भीती वाटायला हवी होती, पण मी आबांवर रागवण्यात गुंतलो होतो.

मिरचीचा हंगाम जोरात आला. नंदुरबारच्या बाजारात लाल ढीग लागले, वाऱ्याला ठसका आला. काकी पोती घेऊन आबांच्या खळ्यावर गेली, तर तिथे मधोमध ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रोटाव्हेटर. आबा म्हणाले, "खळं भावकीनं शे माय, नही कोन म्हंस? पन ट्रॅक्टर मन्हा शे." काकी पोती घेऊन परत आली. हे मला सुनंदाने सांगितलं. मी म्हणालो, "आबाले बोलसू." बोललो नाही. कारण तेवढ्यात माझ्यावरच आभाळ कोसळलं.

एका सोमवारी, लख्ख ऊन, सकाळचे साडेदहा, आणि मोबाइलवर आकडा शून्याला टेकला!

मी वर्गातून बाहेर पळालो आणि ठेकेदाराला फोन लावला. "तुम्ही आम्हाला भंगार विकलंत!" (राग शाळेच्या आवारात आला की तो शुद्ध मराठीत येतो.) तो म्हणाला, "सर, सावली पडत असेल." सावली! मी तडक गावात आलो. विमलकाकीच्या भिंतीला लागून आबांचा निंब. हाच तो! गोठ्यात दिवा जाळणारे आबा आणि वर सावलीही त्यांचीच!

"आबा, निंब तोडना पडी!"

"तुन्हा बापनी लायेल शे का? मन्हा बापनी लायेल शे!"

"मंग देखा आकडा! भावकीनी वीज खाई ऱ्हायना तुमना निंब!"

आबा चिडले, मी त्यांच्याहून चिडलो. शेवटी सगळी भावकी माझ्या बाजूने झाली, कारण बिल सगळ्यांना होतं. दोन माणसं लावून निंबाचा अर्धा भाग उतरवला. (वर चढलेल्या त्या दोघांना काकीचं छत दिसलंच असणार, पण त्यांना कुणी विचारलं नाही.) आबा ओट्यावर बसून बघत होते. एकेक फांदी पडताना त्यांचा जबडा आवळत होता. त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, म्हशीच्या गरम पाण्याचं उट्टं निघालं. हा असा मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा: शून्य.

आबा माझ्या दारात येऊन उभे राहिले. नुसते उभे राहिले. मला सांगा, यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या नसत्या का?

ठेकेदार स्वतः आला. मीटर, बॅग, दोन सहकारी. आम्ही सगळे काकीच्या घरी गेलो. पुढे ठेकेदार, मागे मी, माझ्या मागे आबा, आणि त्यांच्या मागे भावकीतले झाडून सगळे पुरुष. जिन्यात पाय ठेवला आणि मला शिंक आली. मग ठेकेदाराला आली. मग खालपर्यंत ओळीने सगळ्यांना. वरच्या दाराची कडी लावलेली नव्हती. मी दार ढकललं.

सगळ्या प्लेटांवर लुगडी पसरलेली होती. जुनी, सुती, चारी टोकांना दोऱ्या, दोऱ्या प्लेटांच्या चौकटींना आवळलेल्या, आणि खालच्या कडेला दुमड घातलेली, म्हणजे काही घसरू नये. लुगड्यांवर मिरची. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत लालभडक मिरची! मधल्या वाटेत पाट टाकून, डोक्यावर छत्री धरून विमलकाकी देठं खुडत बसली होती.

"काकी!" मी शिंकत शिंकत ओरडलो. "हे काय चालवलंय तुम्ही?" (इतका राग आला की काकीलाही 'तुम्ही' आणि शुद्ध मराठी.)

"मिरची सुकाडस. दुसरं काय?"

"बठ्ठी भावकीनी वीज बंद पडनी!"

"पडू दे. मन्ही त कधी चालूच नव्हती."

आबा मागून गरजले, "विमल! उचल ती मिरची! भावकीना काही मान ठेव!"

काकीने आबांना पाहून पदर डोक्यावर घेतला, रीतसर. पण आवाज खाली आला नाही. "मान ठेवा म्हनीसनच छत दिधं, आबा. विलासनी सांगं, बिल शून्य करी टाकसू. बिल काही शून्य नही व्हयनं, वाटा शून्य व्हयना. छतबी गयं, खळंबी गयं. मन्ही पोरनी फी तुमनी म्हैस भरी का?"

ठेकेदार हळूच म्हणाला, "सर, छत यांचं आहे ना? मग यांचा वाटा किती धरलाय?" मी खिशातून यादी काढली. का काढली देव जाणे, मला तर पाठ होती. दहा नावं वरून खाली वाचली, जणू अकरावं आपोआप उगवणार होतं. माझे कान तापले. तो राग, जो सहा महिने गावभर फिरत होता, तो त्या छतावर मला येऊन भेटला. मला लाज वाटली. साधी, सरळ, जळजळीत लाज. (डोळ्यांतून पाणी येत होतं ते मिरचीचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.)

"नाव नही शे, काकी," मी म्हणालो. "मीच गाळं."

"मले माहीत शे. बारावीनी पोर शे मन्ही, तिले बिल वाचता येस. दोन महिना व्हयनात. मी देखी ऱ्हायनू, तू कधी बोलस." मग ती आबांकडे वळली. "आबा, कानबाई कोन शे? मानूस शे का बाई शे?"

आबांनी घसा खाकरला.

"तिना रोट दळतस बाया, रांधतस बाया. मोजा म्हनं की मानसं! ते देवीनं काम, त्यान्हावर मी कधी बोलनू नही. पन हाई कंपनीनी वीज शे. ती काय मिशा देखीसन येस का?"

खालून कुणीतरी हसलं. बाईचा आवाज होता. मी कठड्यावरून वाकून पाहिलं तर गल्लीतल्या सगळ्या बायका ओट्याओट्यांवर उभ्या. आणि माझी सुनंदा जिन्याकडे निघालेली, पदर खोचून, मागे दोन्ही मुली!

"तू कोठे?"

"वर. यादीमा मी नही शे, मंग खाले काय करू?"

ती येऊन काकीजवळ बसली आणि देठं खुडायला लागली. मग आबांची थोरली सून आली. मग पलीकडच्या घरातल्या दोघी. शेवटी आबांची बायको, गुडघे धरत, एकेक पायरी. आबा पुटपुटले, "तूच बाकी व्हती." ती म्हणाली, "व्हतीच." ठेकेदार रडकुंडीला आला, "सर, आणखी वजन चढलं तर माझी जबाबदारी नाही!" आम्ही सगळे पुरुष रांगेत खाली उतरलो. कमी वजनाची सोय म्हणून.

तीन दिवस आकडा शून्य. तीन दिवस दहा घरांची मिरची त्या छतावर सुकली. आबांना आधी वाटलं होतं की प्लेटा झाकल्या म्हणजे घरातले दिवे जाणार. दिवे चालूच राहिले तेव्हा ते खूश झाले. "मंग वांधा काय शे?" मी म्हणालो, "आबा, कंपनी वीज देई ऱ्हायनी, पन आते बिल पुरं येई. हीटरनंबी." आबा उठले, गोठ्यात गेले, ट्यूबलाइट बंद केली आणि परत येऊन म्हणाले, "विमलले इचार, तिले काय पायजे."

काकीला काय पाहिजे होतं? नवीन यादी. आणि ती मोजणार बायका. जुनी मोजणी पुरुषांनी केली, आता एक खेप आमची, नंतर पुढचं पुढे बघू. खळ्यावरून ट्रॅक्टर हलला. चौथ्या दिवशी लुगडी उतरली, प्लेटा धुतल्या (मी धुतल्या, कुणी सांगितलं नव्हतं, तरीही धुतल्या), आणि काकीच्या ओट्यावर नवा अर्ज लिहायला मीच बसलो, कारण अक्षर माझं बरं आहे.

काकी सांगत गेली, मी लिहीत गेलो. "लिख. आबानं घर, तीन." नऊवरून तीन! मी खाली मान घालून हसू दाबलं. "त्यान्हा बाजूनं, चार. मन्हं घर, तीन, आन छतना एक, चार." योग्यच. "विलासनं घर... लिख, तीन."

तीन! एकाचे तीन! माझं पेन आनंदाने घसरलं. सगळ्यांनी सह्या केल्या, अर्ज कार्यालयात गेला, मंजूर होऊन आला. पारावर पुरुष मंडळी डोकं खाजवत होती. हा हिशेब धरला तरी कसा? खोल्या मोजल्या? पंखे? ढोरं? मी पायावर पाय टाकून त्यांना समजावलं. "बायकांनी वापर पाहिला. आमच्या घरात उधळपट्टी नाही, अभ्यास आहे, म्हणून तीन. ही शास्त्रीय पद्धत आहे." आबा चिडून उठून गेले. मी तेच पुढे तीन वेगवेगळ्या मंडळींना समजावलं, आणि दर वेळी ते जास्त शास्त्रीय होत गेलं.

होळी झाली, ऊन तापलं, नव्या यादीचं पहिलं बिल आलं. काकीचं बिल घेऊन तिची धाकटी धावत आमच्या घरी आली, दाखवून गेली, हसून गेली. आमचंही बिल चांगलंच उतरलं होतं. मी पंख्याखाली ऐसपैस बसलो आणि घरच्यांना म्हणालो, "देखं? तीन वाटा! मन्हामुळे!"

माझी धाकटी, पायल, पाचवीत आहे. तिने वहीतून मान वर काढली.

"पप्पा, तीन म्हंजे मी, ताई आन मम्मी."

"आन मी?"

"काकीआजीनी बाया मोजल्यात ना. तुमी यादीमा नही शेतस."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती, आणि मला सहा महिने माहीत असलेली एक गोष्ट तिच्या चेहऱ्यावर होती: ज्याने नाव गाळलंय त्याला ते माहीत असतं. मग पायलने माझ्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मला भयंकर राग आला. पण या खेपेला तो कुणाच्या दारात पाठवावा तेच सुचेना. मी उठलो, पंखा बंद केला आणि वारा खायला बाहेर ओट्यावर आलो. समोरच्या ओट्यावर धुडकू आबा आधीच येऊन बसले होते.